बसून शिकवलेला नाच

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की कोल्हापुरात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक उसाचा आणि दुसरा गॅदरिंगचा. पहिला डोळ्यांना आणि नाकाला कळतो. रस्त्यावर गच्च भरलेल्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्कश लावलेली गाणी, आणि गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळाकडून येणारा उकळत्या रसाचा गोड, जरासा करपट वास. दुसरा हंगाम आधी कळतो तो माझ्या फोनला. "मॅडम, यंदाही आमच्या शाळेचं तुम्हीच बसवायचं हं." एक कोळीगीत, एक देशभक्तीपर आणि "ते तुमचं वेस्टर्न एक." त्या वेस्टर्नला जाझ म्हणतात हे मी इतकी वर्षं सांगत आले आहे. कुणी जाज म्हणतं, कुणी जॅस. एका मुख्याध्यापकांनी तर कार्यक्रमपत्रिकेवर 'जहाज नृत्य' छापलं होतं, आणि मुलींनी निळ्या ओढण्यांच्या लाटा कराव्यात असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मग केल्या लाटा. टाळ्याही पडल्या.

यंदाही फोन सुरू झाले. काल सकाळी लवकर जाऊन वर्गाच्या खिडक्या उघडल्या, गार पडलेली लाकडी जमीन पुसून घेतली आणि मुली यायच्या आधी पायात मोजे घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतीच घसरत गेले. मग वळले, एक पाय वर घेतला, खाली ठेवला. खुबा काही बोलला नाही. न दुखणं ही केवढी चैन आहे हे ज्याचं दुखून थांबलंय त्यालाच कळतं. मी तिथेच उभी राहून जरा वेळ हसत होते. आणि मला तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात मी सगळा नाच खुर्चीत बसून शिकवला होता.

त्या वर्षी दुखणं पावसाळ्यातच सुरू झालं होतं. उजव्या जांघेत खोल कुठेतरी, जिथे हात पोचत नाही अशा जागी. आधी वाटलं, पावसानं आखडलंय. मग वाटलं, वय झालं. पन्नाशीच्या बाईनं उड्या मारल्या तर दुखणारच की. शेकून बघितलं, तेल चोळलं. वर्गात जाताना दोन जिने चढायचे, तर मधल्या वळणावर थांबून मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधायची, म्हणजे मागून येणाऱ्या मुलींना शंका यायला नको. माझा वर्ग राजारामपुरीत, एका दाताच्या दवाखान्याच्या वर. दाताचे डॉक्टर सज्जन. नाजूक काम चालू असलं की त्यांची मदतनीस वर येऊन सांगायची, "सर म्हणतायत, जरा वेळ उड्या नकोत." तेवढा वेळ आम्ही खांद्यांचं काम घ्यायचो. जाझमध्ये ते एक बरं असतं. नुसता खांदा, नुसती मान, नुसती कंबर असं एकेक अंग सुटं करून हलवायचं, बाकीचं शरीर गप्प. त्या वर्षी मी खांद्यांचं काम जरा जास्तच घ्यायला लागले होते.

दिवाळीनंतर लगेच आमच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी सुरू होते. शाळांची गॅदरिंग म्हणजे पोटापाण्याचं काम. वर्गाचा कार्यक्रम म्हणजे माझा जीव. एका सकाळी मी मुलींना एक तुकडा दाखवत होते. गिरकी घेत खाली जमिनीवर बसायचं आणि त्याच वेगात फिरून उठायचं. मी गिरकी घेतली, खाली बसले आणि उठलेच नाही. पाय ऐकेना. गाणं पुढे चाललेलं, आणि मी जमिनीवर. माझ्या मागे सगळ्या मुलीही बसलेल्या! कुणीच उठलं नाही. मॅडम बसल्यात म्हणजे बसायचंच असणार. काही जणींनी तर माझ्यासारखा उजवा हात जांघेवर ठेवला होता. आरशात ते दिसलं आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

केतकीला तेवढ्यात कळलं. केतकी माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना आली, आता स्वतः बारावीच्या पोरांना अकाउंट्स शिकवते, पण सकाळची बॅच तिनं कधी सोडली नाही. तिनं गाणं बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"मॅडम, हे बसवलंय का झालंय?"

"झालंय," मी म्हटलं.

"किती दिवस?"

मी डोळे पुसले. "थांबा, मी गाडी काढतो," म्हणत ती जिन्याकडे पळाली. आमच्याकडच्या पोरी घाईत असल्या की अशाच पोरांसारख्या बोलतात.

हाडांचे डॉक्टर तिसऱ्या गल्लीतच होते. त्यांनी पाय असा वळवला, तसा वळवला, मी ओरडले, आणि त्यांनी एमआरआय सांगितला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. ती संध्याकाळ मला अजून अंगावर येते. माझी मावशी हाडाच्या कॅन्सरनं गेली होती, तिचंही असंच पायापासून सुरू झालं होतं. माझा नवरा मिलिंद कॉलेजात भूगोल शिकवतो, बोलण्याचा मोठा हौशी. त्या संध्याकाळी तो नुसता भाजी निवडत बसला होता. एकच जुडी, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "गाठ वगैरे काही नाही," ते आधी हेच म्हणाले, देव त्यांचं भलं करो. "तुमच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही. तो गोळा आतून ढासळलाय. सांधा बदलावा लागेल."

त्यापुढचं मला नीट ऐकू आलंच नाही. सांधा बदलायचा, म्हणजे बदलता येतो! मिलिंदनं माझ्याकडे बघितलं आणि दवाखान्यात, इतक्या लोकांदेखत, मोठ्यानं सुस्कारा सोडला. बाहेर येऊन आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही. अर्धा कप संपल्यावर मला आठवलं, विचारायचं राहिलंच. तशीच लंगडत परत वर गेले.

"डॉक्टर, नाचता येईल का?"

त्यांनी चष्मा काढला. "चालाल, फिराल, जिने चढाल. नाचाचं नंतर बघू. आणि ऑपरेशनपर्यंत मात्र पायावर भार नको. अजिबात."

कार्यक्रम जानेवारीच्या शेवटी होता. कार्यक्रमानंतर ऑपरेशन, तोवर काठी आणि खुर्ची, असं ठरलं. मी सुटले होते. पण कशातून सुटले आणि कशात अडकले हे मात्र अजून कळायचं होतं.

फोन केला तसे दुसऱ्या दिवशी शिरोळहून आई आणि आण्णा आले. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, आण्णा प्राथमिक शिक्षक. दोघंही कधीच निवृत्त झालेले, पण दोघांचाही आवाज अजून नोकरीतलाच. आईनं आल्या आल्या गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन वाचली आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मिलिंद दिवसभर कॉलेजात. मला जिना चढवून वर्गात न्यायचं काम उरलं आण्णांकडे.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. आण्णांनी माझा नाच कधीच बघितला नव्हता. एकदाही नाही. आणि त्यात रुसवा-फुगवा नव्हता, तसं आमचं ठरलेलं होतं.

मी पुण्याला शारीरिक शिक्षणाची पदवी करायला गेले होते. कॅम्पात रॉनी सर म्हणून एक गोव्याकडचे गृहस्थ जाझचा वर्ग घ्यायचे. एक मैत्रीण मला सहज घेऊन गेली आणि मी तिथेच राहिले म्हणा ना. तोवर मला नाच म्हणजे तालावर पाय टाकणं एवढंच माहीत होतं. तिथे कळलं की ताल जिथे पडणार असं सगळ्यांना वाटतं, त्याच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर पाय टाकला तर अंगातून कसा शहारा जातो. घरी ही गोष्ट कळली तेव्हा आण्णा शिरोळहून एसटीनं थेट पुण्याला आले. आमच्या घरात धर्मांतर बघितलेली पिढी. बुद्धवंदना, पुस्तकं, परीक्षा, नोकरी ही घराची चौकट. आण्णा वर्गाच्या दारात उभे राहिले, पांढरा सदरा, काखेत पिशवी.

"आपली माणसं गावापुढं नाचायची थांबली ती काय उगाच न्हाय," ते मला म्हणाले. "आणि तू परत नाचायला शिकतीस?"

मी मान खाली घातली. रॉनी सरांना मराठी कळायचं, बोलता फारसं यायचं नाही. ते पुढे आले. "अंकल, ये डान्स पता है किसका है? गुलामों का. दूसरे देश से पकडके लाया हुआ लोग. मालिक के सामने नाचना पडा, तो मालिक की चाल की ही नक्कल करके नाचे. मालिक ताली बजाया. उसको समझाही नहीं."

आण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. त्यांनी काखेतली पिशवी सावरली. मग मला म्हणाले, "शीक. पण मला बघायला बोलवू नकोस."

मी शिकले. रॉनी सरांच्या चमूत काही वर्षं नाचले. हॉटेलांत, कंपन्यांच्या समारंभांत, कुठल्या कुठल्या शहरांत. लग्न होऊन कोल्हापूरला आले तेव्हा इथे लोक विचारायचे, "ह्यात भरतनाट्यमसारख्या परीक्षा असतात का?" नाहीत म्हटलं की मुलगी परत जायची. ज्या थोड्या राहिल्या त्यांच्यावर वर्ग उभा राहिला. आई अधूनमधून कार्यक्रमाला यायची, मागच्या रांगेत बसून घरून आणलेले शेंगदाणे खायची आणि "दमलीस का गं?" एवढंच विचारायची. आण्णांना मी बोलावलं नाही. ते आले नाहीत. शब्द तो शब्द.

आणि आता तेच आण्णा रोज सकाळी माझ्या काखेत हात घालून मला डाव्या पायाच्या जोरावर दोन जिने चढवत होते. वर पोचलो की ते मला खुर्चीपर्यंत सोडायचे, मुलींकडे न बघता बाहेर यायचे आणि जिन्याच्या चौकातल्या बाकड्यावर दाराकडे पाठ करून बसायचे. हातात पेपर. दार उघडंच असायचं, कारण बंद केलं की आत उकडायचं. मला त्यांची पाठ दिसायची, टोपीची कड दिसायची आणि पेपरचं एक टोक.

पहिला आठवडा फार वाईट गेला. मी समोर उभी नाही म्हटल्यावर मुलींचं सगळंच सुटलं. मी खुर्चीतून ओरडायची, "उजवा पाय, उजवा! खांदा खाली! आता वळा, अगं वळा!" त्या वळायच्या आणि नाचायच्या ऐवजी माझ्याकडे बघायच्या. मी हातवारे केले की त्या हातवारेच करायच्या. माझा घसा बसला. रागानं खुर्चीतून उठायला जायची आणि जांघेत कळ यायची. केतकी सगळ्यांना सांभाळून घेत होती, पण तिचाही चेहरा पडलेला. मला मनातून एकच वाटत होतं. मी उभी राहू शकत नाही तर मी कोण? खुर्चीत बसून नाच शिकवणारी बाई म्हणजे चूल न पेटवता स्वयंपाक सांगणारी.

एक दिवस परत येताना रिक्षात आण्णा म्हणाले, "एक बोलू?"

"बोला की."

"तू लई बोलतीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"मला आतलं काय दिसत न्हाय. ऐकायला तेवढं येतंय. गाणं लागलं की तुझं बोलणं सुरू. त्या पोरींनी गाणं ऐकायचं का तुला? मी वर्गात नवीन होतो तवा मीबी असाच. कविता वाचायचो आणि मधीच अर्थ सांगत बसायचो. पोरं माझ्या तोंडाकडं बघायची, कविता ऱ्हायली बाजूला. एकदा माझा घसाच धरला. मग म्हटलं, तुम्हीच वाचा. तवा कळलं, कुणाला काय येतंय."

"नाच आणि कविता सारखी हाय व्हय आण्णा?"

"मला काय ठाव? मी कुठं बघितलाय नाच?" ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "पावणं, जरा हळू घ्या. आत दुखणाईत माणूस हाय."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गप्प बसले. मुलींना म्हटलं, आज आरसा नाही. आरशाकडे पाठ करा. डोळे मिटा आणि नुसतं गाणं ऐकत चाला. जिथे पाय टाकावासा वाटेल तिथे टाका. त्या आधी हसल्या, एकमेकींवर आपटल्या, पुन्हा हसल्या. मग हळूहळू हसणं थांबलं. केतकीचा पाय पहिल्यांदा पडला, तालाच्या जरासा मागे, अगदी मुद्दाम उशिरा. तो उशीर माझा नव्हता. मी तिला तो कधी शिकवला नव्हता. इतकी वर्षं ती माझ्या मागे उभी राहून माझ्यासारखी नाचत होती, आणि हे तिच्याजवळ असणारच होतं, फक्त माझी पाठ मध्ये होती.

मी मुलींना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, असंच म्हणायला हवं. एरवी मी त्यांना आरशात बघायची, स्वतःच्या खांद्यावरून, तेही अर्धं लक्ष स्वतःच्या पायाकडे ठेवून. आता बाजूला बसून बघत होते तर एकीची मान किती सुंदर वळते, एकीला उडीची भीती का वाटते, एक जण श्वास धरूनच ठेवते, हे सगळं दिसायला लागलं. आणि माझ्या अंगावरून काहीतरी उतरलं. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं तरी मी समजून चालले होते की सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांहून उंच पाय टाकणं हेच माझं काम. रोज सकाळी उठून पुन्हा तिशीचं व्हायचं. त्या खुर्चीत मला माझ्या वयाचं होता आलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आण्णांच्या पाठीकडे लक्ष गेलं. पेपर मांडीवर पडला होता. त्यांची टाच जमिनीवर हळूच वर-खाली होत होती.

जानेवारीतली गोष्ट. थंडी मोडत आली होती. वर्ग संपवून खाली उतरताना मधल्या वळणावर माझ्या पायात अशी कळ आली की मला पायरीवरच बसावं लागलं. आण्णाही शेजारी बसले. दाताच्या दवाखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, जिन्यात सगळं शांत. मी कळ जिरायची वाट बघत होते. आण्णा अचानक म्हणाले, "माझी आई नाचायची."

माझी आजी मला आठवते ती पांढऱ्या लुगड्यातली, ताठ बसणारी, कमी बोलणारी. तिचा आणि नाचाचा संबंध मला जुळवताच येईना.

"गावच्या जत्रंत पालखीपुढं आमच्या घरच्या बायकांनी नाचायचं, अशी रीत. इच्छा असू दे नसू दे. एका वर्षी तिच्या अंगात ताप होता. तरी बोलावणं आलं. मी ल्हान होतो. तिच्या चपला हातात धरून मी कडंला उभा. लोक हसत होती, काय काय बोलत होती. ती खाली मान घालून नाचली. घरी येऊन पडली ती चार दिवस उठली न्हाय." आण्णांनी बोटानं पायरीवरची धूळ पुसली. "पुढं दीक्षा घेतली आणि ते सगळं बंद झालं. गावात बाचाबाची झाली, पण आमच्यातली एक बाई परत पालखीपुढं गेली न्हाय."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

"मग मी मास्तर झालो. निकाल लागला त्या दिवशी घरी पळत गेलो. तिला सांगितलं. तिनं काय केलं म्हाईत हाय? दार लावून घेतलं, कडी घातली आणि नाचली. वाजंत्री न्हाय, काय न्हाय. हसत, हात वर करून. मी भिंतीला टेकून बघत होतो. लई गोड नाचली गं. मला म्हणाली, कुणाला सांगू नगोस."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"आज तुला." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू पुण्याला नाच शिकतीस म्हटल्यावर मला ती पालखीपुढचीच दिसायची. तो तुमचा रॉनी सर बोलला तवा दुसरीबी दिसली. पण बघायला येतो म्हटलं आणि डोळ्यापुढं पहिलीच आली तर? त्या भ्यानं आलो न्हाय. तुझ्यावर राग कधीच नव्हता."

मी रडले नाही. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यांना मान खाली घालायला लावली, त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली आणि मनात ते सलत राहिलं. तसं नव्हतं तर. त्या पायरीवर, पाय ठणकत असताना, माझ्या छातीतला जुना दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आईनं त्यांना विचारलं, "तुमी येणार का न्हाय?"

"ही नाचणार न्हाय न्हवं? मग येतो," आण्णा म्हणाले.

जरा टोचलं. पण दाराकडे पाठ करून बसणारा माणूस तोंड फिरवायला तयार झाला होता, हे काय कमी होतं? मी पडद्याच्या आडोशाला खुर्चीत बसून कार्यक्रम बघितला. मुलींचे पाय चुकले, एकीची ओढणी अडकली, आणि तरी मी बसवलेल्या सगळ्या नाचांत तो सगळ्यात चांगला नाच होता, कारण त्यात कुणीही माझ्यासारखं नाचत नव्हतं. केतकी शेवटी एकटी पुढे आली आणि तिनं तो तिचा उशीर असा ताणला की सभागृहात कुणीतरी "आयला!" म्हणालं. आण्णांनी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, असं आई सांगत होती.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी आली आणि म्हणाली, "चला, उभ्या राहा." मला वाटलं, चेष्टा करते. वॉकर धरून मी पाय खाली टेकला. जखम दुखत होती, टाके ओढत होते, पण ते जुनं, खोल, कुरतडणारं दुखणं कुठेच नव्हतं. मी आत शोधलं, पुन्हा शोधलं. गेलं होतं. पायात धातूचा गोळा आणि तरी पाय पहिल्यापेक्षा जास्त माझा वाटत होता. आई नर्सच्या आवाजात म्हणाली, "हसू नकोस, खाली बघ," आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

नंतर महिनोन्‌महिने व्यायाम झाले. उन्हाळ्यात काठी सुटली. पावसाळ्यात डॉक्टरांनी पाय सगळीकडून वळवून बघितला आणि म्हणाले, "नाचा. उड्या मात्र नकोत." उड्या केतकी मारते. वर्ग मी अजूनही बराचसा बसूनच घेते, आता गरज नाही तरी. तिथून दिसतं चांगलं.

पण पुढच्या हिवाळ्यात वर्गाच्या कार्यक्रमात मी एक छोटा तुकडा स्वतः नाचायचं ठरवलं. एकटीनं, थोडकाच, जमिनीला धरून. फोनवर आईला सांगितलं. पलीकडे आण्णांचा आवाज आला, "दे इकडं." मग माझ्याशी बोलले, "पुढची जागा ठेव. मागनं मला दिसत न्हाय."

मी नाचले. काय नाचले ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं की पहिल्या रांगेत टोपी होती आणि ती माझ्याकडे तोंड करून होती. मध्यावर एकदा धीर करून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते हसत होते, तोंड जरा उघडं, डोळे माझ्या पायांवर. कुठली आई त्यांना माझ्यात दिसली हे मी विचारलं नाही. त्या चेहऱ्यावरून विचारायची गरज नव्हती.

नंतर पडद्यामागे मुलींचा गोंधळ चाललेला, कुणी फुलं देतंय, कुणी फोटो काढतंय, आणि त्यातून वाट काढत आण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मागे आई. मी घामानं निथळत होते. ते पाया पडू देईनात, हात धरून उभं केलं आणि घसा साफ केला.

"डावा पाय झकास," आण्णा म्हणाले. "उजवा अजून जरा भितोय."

"अवो, आधी बरं तरी म्हणा की!" आई ओरडली.

"बरं हायच की," ते म्हणाले. "बरं नसतं तर मी चूक कशाला काढली असती?"